खापराचं सिमेंट आणि पाटलांचा हौद

३ एप्रिल १९४४, सोमवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.
(घड्याळ नाही. माझा अंदाज सहसा चुकत नाही. निजाम सरकारचा फसली महिना कोणता चालू आहे ते पटवारींना विचारून लिहिणे.)

घरामागच्या ढिगावर बसून खापरं मोजत होतो. चारशे बारापर्यंत आलो तेव्हा आई शेण टाकायला बाहेर आली आणि म्हणाली, काय रं, अंडी उबवतुयास का? मोजणी चुकली.

हा ढीग तीन पिढ्यांचा आहे. आजोबांच्या हातून फुटलेलं, वडिलांच्या आव्यात, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीत, तडकलेलं, सगळं इथंच पडलं आहे. आमच्या बेंबळी गावात कुणाला त्याचं महत्त्व माहीत नाही. कालपर्यंत मलाही नव्हतं. काल गूळ ज्या कागदात बांधून आला त्यावर एक लेख होता. लढाईमुळं सिमेंट मिळत नाही, तर भाजलेल्या विटांची किंवा खापरांची भुकटी चुन्यात मिसळावी, पाणी धरणारा गिलावा होतो, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ‘मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही’ इथपर्यंत वाचता आलं. त्याखालचा कागद गुळाला चिकटून गेला. पण मुख्य मुद्दा कळला.

म्हणजे मी निदान दहा हजार खापरांचा मालक आहे, आणि हे आज सकाळी लक्षात आलं.

ठराव: रोज पाच वाजता उठणे. रोज अर्धं पान शुद्ध लिहिणे. चाकाला हात न लावणे.

शेवटच्याबद्दल खुलासा. आम्ही कुंभार, पण मी मिडलपर्यंत शिकलो. परीक्षेला बसलो होतो आणि पासही झालो असतो, शेजारच्या मुलाला खोकला नसता तर. शुद्धलेखनात मला कधी दहापैकी नऊच्या खाली गुण नव्हते. असा माणूस चिखल तुडवत नाही. वडील जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून चाक भिंतीला टेकून उभं आहे. आई रोज त्यावरची धूळ पुसते आणि माझ्याकडं बघते. मी दुसरीकडं बघतो.

४ एप्रिल, मंगळवार. दुपारी.
माणिकप्पा पाटलांकडं गेलो. गावविहिरीजवळचा गुरांचा हौद दोन वर्षांपासून गळतो. पाटलांनी सिमेंटच्या परमिटसाठी तीन अर्ज केले, तिन्हींना उत्तर एकच, लढाई संपल्यावर कळवू. मी म्हणालो, मी बिनपरमिटचं सिमेंट करून देतो. पाटील सुपारी कातरत होते. म्हणाले, तू? मी होय म्हणालो. म्हणाले, सखूबाईचा गोरोबा न्हवं का तू? मी पुन्हा होय म्हणालो. इंटरव्ह्यू चांगला झाला.

धुळाप्पा धनगर दोनशे मेंढरं घेऊन माकणीकडं तेरणा नदीच्या पात्रात गेला आहे. तिथले डोह मेच्या मध्याला आटतात. पंधरा मेला तो परत येणार. त्या दिवशी हौदात पाणी असलं, तर पाटील मला तामीरातच्या, म्हणजे सरकारी बांधकामाच्या, कचेरीत ठेवून घ्यावं असं पत्र देणार. तिथं त्यांचे साडू पेशकार, म्हणजे कारकून, आहेत. पत्रासाठीचा कोरा कागदही त्यांनी काढून दाखवला. गेल्या उन्हाळ्यात धुळाप्पाची अकरा मेंढरं पाण्यावाचून मेली, हेही सांगितलं. हा तपशील कामाशी थेट संबंधित नव्हता, पण नोंद केली आहे.

आईला सांगितलं. तिनं वेगळी अट घातली. हौद जमला तर कचेरीत जायला ती स्वतः भाकरी बांधून देईल. नाही जमला तर दुसऱ्या दिवशी चाकावर बसायचं. म्हणाली, चाकाला हात लावला तर इंगळी डसती व्हय रं तुला? मी अट मान्य केली. ती वेळ येणारच नाही, तेव्हा मान्य करायला हरकत नव्हती.

६ एप्रिल, गुरुवार.
उठायला साडेसात. (फार विचार केल्यामुळं.)

खापरं मुसळानं कुटली. भुकटी जाडी येते, पाहिजे वस्त्रगाळ. घरात या कामाला योग्य यंत्र एकच आहे. आई बाजाराला गेली असताना जात्यावर दळली आणि तिच्या जुन्या लुगड्यातून चाळली. चार शेर निघाली. रंग उत्तम, तांबूस. नंतर जातं पुसून ठेवलं. दोनदा पुसलं.

७ एप्रिल, शुक्रवार.
भाकरी दाताखाली करकरते. मी आईला म्हणालो, लढाईचे दिवस आहेत, चांगली ज्वारी लेव्हीत जाते, आपल्या वाट्याला खडे. ती काही बोलली नाही. तिला पटलेलं दिसतं.

८ एप्रिल, शनिवार.
आणखी सहा शेर दळली. भाकरी अजून करकरते, रंगही किंचित तांबूस. शेजारची गजराबाई आमच्याच जात्यावर दळते, तिच्या नवऱ्याचा एक दात हलायला लागला आहे. सरकारनं ज्वारीकडं लक्ष दिलं पाहिजे.

९ एप्रिल, रविवार.
चुन्यासाठी चाँदपाशा चाचांकडं गेलो. हे गावचे जुने गवंडी, वय सत्तरच्या घरात, मशिदीमागं राहतात. आता हात कापतो म्हणून काम कमी करतात, पण बोलणं कमी केलेलं नाही. मी भुकटीची पुडी दाखवली. त्यांनी चिमूट घेऊन बोटांत चोळली, जिभेला लावली आणि म्हणाले, ये तो सुरखी है बेटा. हमारे दादा बी हाच माल वापरायचे, किल्ल्याच्या हौदाला.

मी म्हणालो, माझा शोध वेगळा आहे. म्हणाले, काय येगळं? मी म्हणालो, ही खापरं आमच्या घरची आहेत. ते बराच वेळ हसले. म्हाताऱ्या माणसांना कशाचंही हसू येतं.

प्रमाण त्यांनीच सांगितलं. एक भाग चुना, दोन भाग भुकटी, वर गुळाचं पाणी आणि बेलफळाचा चीक. त्यात आव्याची अर्धा भाग राख मी माझ्या बुद्धीनं वाढवली. म्हणजे प्रमाण चाचांचं, फॉर्म्युला माझा.

पाटलांनी चुन्यासाठी निजामी नाण्यातले पाच रुपये हाली दिले. गूळ मात्र घरचा वापरणार. आईला तूर्त सांगितलेलं नाही.

११ एप्रिल, मंगळवार.
गावात कुणीतरी उठवलं आहे की मी मसणवट्यातली फुटकी मडकी आणतो. हे साफ खोटं आहे. मी तिथं फक्त एकदा बघायला गेलो होतो.

१३ एप्रिल, गुरुवार. सकाळी.
पहिला एक्सपेरिमेंट. घमेलंभर माल कालवला. त्यातला थापीभर भिंतीला लावला, तेवढ्यात आई म्हणाली, मोरीजवळचा थोरला रांजण डुगडुगतोय, त्याच्या बुडाला कायतरी लाव. मी म्हणालो, हे सिमेंट आहे. ती म्हणाली, असंना का, दिसतंय तर चिखलागत. वाद नको म्हणून उरलेलं सगळं घमेलं रांजणाच्या बुडाशी कोंबलं. तो रांजण सदा पाझरतो, तिथं कधी वाळायचं नाही. तेवढा माल वाया गेला असं धरून चाललो आहे.

उलट भिंतीवरचा नमुना उन्हात दुपारपर्यंत खडखडीत वाळला. समाधान वाटलं.

१४ एप्रिल, शुक्रवार.
भिंतीवरचा नमुना खाली पडला. शेळी घासली असावी.

१८ एप्रिल, मंगळवार.
हौदाचं काम सुरू. चाचा काठावर बसून सांगतात, मी करतो. माल चांगला मळून निघेना. हातानं, फावड्यानं, कशानंच. शेवटी सहज पाय घातले आणि तुडवू लागलो. तो एकदम लोण्यासारखा झाला. हे मला कुणी शिकवलेलं नाही. आपोआप आलं. चाचा ओरडले, अरे पाव मत डाल, चुना है! तोपर्यंत एक घाणा मळून झाला होता.

१९ एप्रिल, बुधवार.
दोन्ही तळपाय भाजले आहेत. आईनं करडईचं तेल लावलं. म्हणाली, चिखल तुडवायची लाज वाटती आन् चुना तुडवतुयास. मी समजावलं की चिखल तुडवणं हा धंदा आहे आणि चुना तुडवणं हे बांधकाम. तिनं तेल जरा जोरात चोळलं.

२२ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी.
हौद पूर्ण! बारा हात लांब, चार हात रुंद, आतून तांबूस, गुळगुळीत. पाटील येऊन बघून गेले. म्हणाले, दिसतंय तर झ्याक. मी त्यांच्या खिशाकडं बघितलं, पण कागद आणलेला दिसला नाही.

चाचा उद्या अणदूरला लेकीकडं जात आहेत. तिच्या, म्हणजे खैरुनबीच्या, घरी लग्न आहे, तीन आठवडे तिकडंच. जाताना माझा हात धरून म्हणाले, सुन बेटा, एकवीस रोज. एकवीस रोज गोणपाट भिजवून टाकायचं, दिवसातून चार बार पाणी. सुखाऊ नको. चुन्याला तहान असती. मी हो म्हणालो. मोठ्या माणसांना हो म्हणावं लागतं.

२३ एप्रिल, रविवार.
गोणपाट टाकलं. चार वेळा पाणी घातलं. पन्नास घागरी वाहिल्या. तळपाय दुखतात.

२४ एप्रिल, सोमवार. दुपारी.
गोणपाट उचलून हात लावून पाहिला. गिलावा ओला, मऊ. नख रुततं. काळजी वाटते.

शांतपणे विचार केला. ओली वस्तू कधी पक्की होते का? मडकं ओलं असताना मडकंच नसतं, चिखल असतो. आधी सावलीत, मग उन्हात, मग आव्यात, तेव्हा कुठं त्यात पाणी राहतं. हे कुंभाराच्या चार वर्षांच्या पोराला कळतं. (मी हे शास्त्र म्हणून लिहितो आहे, कुंभार म्हणून नव्हे.) चाचांचं वय झालं. त्यांना एक दिवस म्हणायचं असेल, तोंडातून एकवीस निघालं असेल. किंवा माझं सिमेंट यशस्वी झालं तर गवंड्यांचं महत्त्व कमी होईल, अशी भीती त्यांना असू शकते. मी त्यांना दोष देत नाही.

निर्णय: गोणपाट काढणे.

गोणपाट काढलं.

२५ एप्रिल, मंगळवार.
आखिती, म्हणजे अक्षय तृतीया, आली. पितरांच्या नावानं पाणी भरून द्यायला घरोघरी नवी मडकी लागतात. वडील असताना आमच्याकडून जायची, गेल्या वर्षीसारखी यंदाही आईनं तेर गावाहून मागवली. लोक तिला विचारत होते, घरात तरणा पोरगा असून? ती म्हणाली, त्यो सिमीट करतुय. तिच्या आवाजात अभिमान होता असं मला वाटतं. गजराबाई मात्र हसली.

२८ एप्रिल, शुक्रवार.
हौद उन्हात उत्तम वाळतो आहे. आतून बारीक रेषांची जाळी आली आहे. कोळ्याच्या जाळ्यासारखी. दिसायला वाईट नाही.

३० एप्रिल, रविवार.
रेषांत आता नख जातं. कच्च्या मडक्यालाही वाळताना अशा रेषा येतात. भाजल्यावर त्या मिटतात. वडील म्हणायचे, आग सगळं सांधून घेती. (वडील अडाणी होते, पण हे त्यांचं निरीक्षण बरोबर होतं.)

निर्णय घेतला आहे. उद्या.

१ मे, सोमवार.
सकाळी हौदात चारशे बारा गोवऱ्या रचल्या. कडेनं उभ्या, मधे आडव्या, फटींत तुरीच्या काड्या. रचताना हात थांबत नव्हता. इतकी सुबक रचना मी पूर्वी कधी केली नव्हती. गोवऱ्या आईनं आव्यासाठी दोन वर्षं जमवून ठेवल्या होत्या. आवा पेटतच नाही, मग त्या पडून राहण्यापेक्षा बऱ्या.

दुपारी पेटवला. धूर सगळ्या गावावर. पाटील धावत आले. हौदाला आग? त्यांचा प्रश्न एवढाच होता. मी म्हणालो, टेस्ट चालू आहे. त्यांनी हौदाकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. म्हणाले, चाँदपाशानं सांगितलं का आसं? मी म्हणालो, त्यांनी सगळं सांगितलं आहे. हे खोटं नाही.

गजराबाईनं निखाऱ्यावर दोन वांगी भाजून घेतली. शोधाचा समाजाला असा लगेच उपयोग झाला.

३ मे, बुधवार. सकाळी.
हौद निवला. राख काढली. गिलावा पांढुरका दिसतो. रेषा मिटलेल्या नाहीत, पण आणखी वाढल्या आहेत असं ठामपणे म्हणता येत नाही. बोटानं टिचकी मारून पाहिली. टण्ण! सगळीकडं टण्ण! मडकं असं वाजलं की कुंभार डोळे मिटून विकतो. मी खात्री करण्यासाठी सगळा हौद वाजवला. एकही जागा मुकी नाही. आतून पोकळ असावं इतका स्वच्छ नाद आहे.

ठराव: कचेरीत जायला एक कोट शिवून घेणे.

८ मे, सोमवार.
पहिली भरणी. पाटलांनी मोट जोडून दिली. दुपारपर्यंत हौद काठोकाठ. लोक जमले होते. मी दोन शब्द बोलणार होतो, पण बैल उधळले.

संध्याकाळी पाणी दीड वीत खाली. पहिल्या दिवशी हौद पाणी पितो. नवं मडकंही पितं.

९ मे, मंगळवार.
सकाळी हौद कोरडा. फार तहानलेला होता असं दिसतं. आज पुन्हा भरणार होतो, पण पाटील म्हणाले, विहिरीनं तळ गाठलाय, मोट बंद. आता जे पाणी हाय ते घागरीनं.

अजून सहा दिवस आहेत. काळजीचं कारण नाही. भूक मात्र लागत नाही.

१० मे, बुधवार. सकाळी अंदाजे नऊ.
धुळाप्पा आला.

पाच दिवस आधी. हे ठरलं नव्हतं. तेरणेचे डोह यंदा लवकर आटले, म्हणाला. दोनशे मेंढरं दोन दिवस चालून आलेली, माना खाली, लाळेचे फेस. सरळ हौदावर गेली. पहिल्या मेंढ्यानं पुढचे पाय हौदाच्या काठावर टेकले, आणि आतला गिलावा परातीएवढ्या चकत्यांनी खाली आला. एकीमागून एक. आवाज टण्ण असाच येत होता.

धुळाप्पानं हौदात वाकून बघितलं. मग माझ्याकडं. म्हणाला, पाटील म्हनले व्हते हौद केलाय. ह्यो हौद हाय का चाळण? मी त्याला सांगायला लागलो की मेंढ्यानं काठावर पाय द्यायला नको होता. तो म्हणाला, आरं मालका, कोकरं पडाय लागलीत. बोलू नगंस. पानी दाव.

एक कोकरू खरोखरच माझ्या पायाशी बसलं. त्याची जीभ बाहेर होती.

दुपारी.
आई आली होती. कुणी बोलावलं माहीत नाही. तिनं हौदाकडं पाहिलंही नाही. म्हणाली, बायांनो, घराघरातलं पानी काढा. आन् गोरोबा, तू ढिगावरची थोरली खापरं आण. दळली नसशील ती.

ढिगाच्या तळाला आजोबांच्या वेळची फुटक्या रांजणांची बुडं होती, पसरट, हातभर रुंद. जात्यात मावत नाहीत म्हणून मी सोडली होती. साठ निघाली. विहिरीपासून वडापर्यंत ओळीनं मांडली. बायका घागरी ओतत होत्या, मेंढरं पीत होती. मीही घागरी वाहिल्या. किती, मोजल्या नाहीत. मोजणी राहून गेली असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

मग आई म्हणाली, मोरीजवळचा थोरला रांजण हितं आणून ठेव, साठवण हुईल. मी आणि धुळाप्पा दोघं गेलो. रांजण हलेना. धुळाप्पानं खांदा लावला. हलेना. म्हणाला, ह्यो काय जमिनीतनं उगावलाय व्हय? वेळ नव्हता. तसाच सोडला.

एकही मेंढरू गेलं नाही. ते कोकरूही उठलं.

खापर या वस्तूची पाणी धरण्याची क्षमता आज सर्वांसमोर सिद्ध झाली, अशी नोंद करून ठेवतो.

११ मे, गुरुवार.
पाटील काही रागावले नाहीत. कोरा कागद त्यांनी घडी घालून पानाच्या डब्याखाली ठेवला.

आईनं चाक भिंतीपासून काढून मधोमध ठेवलं आहे. आज तब्येत बरी नाही.

१२ मे, शुक्रवार.
आजही बरी नाही. आई म्हणाली, जात्यात तांबडी बुकणी दिसली तवाच मला कळलं व्हतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, म्हनलं खाऊन खाऊन तरी बापाचा धंदा अंगात उतरंल.

म्हणजे महिनाभर तिनंही ती भाकरी खाल्ली. याचा विचार करतो आहे.

१३ मे, शनिवार.
चाचा अणदूरहून परत आले. आल्या पावली हौदावर. खाली उतरले, एक चकती उचलली, उलटी केली, वास घेतला. राखेचा काळा डाग बघून विचारलं, ये क्या? मी सांगितलं. ते हौदातच खाली बसले. वाटलं चक्कर आली. हसत होते. खोकला लागेपर्यंत हसले. म्हणाले, हौद कुठला बेटा, तू तो मडकं भाजलास! चुना पाणी पिऊन दगड होता है रे, तू त्याला तहानेनं मारलास. मी म्हणालो, पण आवाज खणखणीत होता. म्हणाले, मडक्याचा आवाज खणखणीत पाहिजे. गिलाव्याचा खणखणीत आला तर समजायचं, भिंत सोडली त्यानं.

कागदावरची गुळाला चिकटलेली ओळ बहुतेक हीच, चुन्याला पाणी पाजत राहण्याची, असावी.

मी त्यांना म्हणालो, फॉर्म्युलाच चुकला. माझी राख. ते हौदातून वर चढले. पाणी प्यायला आमच्या घरी आले. आईनं थोरल्या रांजणातून तांब्या भरून दिला. पिता पिता चाचांची नजर खाली गेली. तांब्या बाजूला ठेवून ते गुडघ्यावर बसले. रांजणाच्या बुडाशी बोट फिरवलं. मग माझ्याकडून पहार मागितली आणि त्या जागेवर एक घाव घातला. ठिणगी उडाली. पहारेचं टोक बोथट झालं.

कितने रोज? विचारलं. मी वहीत बघून सांगितलं, तेरा एप्रिलपासून तीस. पाणी कोण घालत होतं? आई म्हणाली, कोन घालणार, रांजणच पाझरतोय. चाचांनी पुन्हा बोट फिरवलं. म्हणाले, दादांच्या हौदाला असा माल आहे. त्यानंतर मी नाही बघितला. राख किसने डाली?

मी म्हणालो, मी.

म्हणाले, अच्छी डाली.

ही ओळ मी पुन्हा एकदा लिहितो. अच्छी डाली.

१४ मे, रविवार.
पाटील, धुळाप्पा, चाचा आमच्या मोरीजवळ उभे होते. तिघांनी आळीपाळीनं रांजण ढकलला. पाटील म्हणाले, पुन्हा करा हौद. पण चाँदपाशा सांगतील तसं. मी विचारलं, आणि माझं काम? मला वाटलं, देखरेख असेल. चाचा म्हणाले, तू पाणी घालायचं. एकवीस रोज. चार बार.

पत्राबद्दल पाटील म्हणाले, हौदानं पाणी धरू दे, मग बघू. त्यांनी नाही म्हटलेलं नाही.

अडचण एकच. पाण्यासाठी गावच्या घागरी नेहमी कोण देणार? धावपळीत बुधवारी सतरा फुटल्या. त्या बायका आमच्या दारात येऊन बसल्या होत्या. आई माझ्याकडं बघत होती. मी दुसरीकडं बघायला गेलो तर तिकडं चाक होतं.

१५ मे, सोमवार. सकाळी पाच वाजता. (यावेळी खरंच पाच. कोंबडा माझ्यानंतर ओरडला.)
चाकावर बसलो. ही हार समजू नये. हौदाच्या कामाला लागणारं साहित्य आहे, म्हणून.

पहिलं मडकं कलतं झालं. दुसरं मधेच बसलं. आई दारात उभी होती, तिनं पुढं येऊन चिखलात थोडं पाणी वाढवलं.

१६ मे, मंगळवार. संध्याकाळी.
(फसली तारीख विचारायची राहून गेली. जागा सोडली आहे.)

आजपर्यंतचा हिशेब.

खर्च: चुना, पाच रुपये हाली, पाटलांचे. गूळ अडीच शेर, आईचा. तिला कळलेलं आहे. गोवऱ्या ४१२, तिच्याच. करडईचं तेल पाऊण वाटी. खापरं, आजोबांची आणि वडिलांची, मोजता आली नाहीत.

देणे: गावातल्या बायकांना घागरी १७. त्यांपैकी केलेल्या ६, भाजल्यावर पाणी धरतील अशा, आईच्या मते, ४. गजराबाईच्या नवऱ्याला दात १, हा देता येणार नाही, म्हणून दोन मडकी. धुळाप्पाला देणे काही नाही, पण तो जाताना म्हणाला की पुढच्या उन्हाळ्यात येईन, तेव्हा ते देणंच धरतो. चाचांना पाणी, ८४ वेळा.

येणे: पाटलांकडून पत्र १. घाई नाही.

शिल्लक: सिमेंट, एक घमेलं. आमच्या मोरीजवळ. रांजणासह.

आईला नवा रांजण घडवून देणे आहे. पाझरणारा हवा म्हणते.